बँडचा सराव : बिघडते ती जागा

कॅडेट मित्रांनो, संचलन पाहायला आलेले पाहुणे बँडकडे बघतात. संचलनातल्या तुकड्या मात्र बँडकडे बघत नाहीत, त्या बँडवर पाय टाकतात. बास ड्रमचा जोराचा ठोका पडेल तेव्हा आपला डावा पाय जमिनीवर असायला हवा, एवढेच त्यांना ठाऊक असते. तेवढ्या एका भरवशावर शेकडो मुले नजर समोर ठेवून चालत असतात. तो ठोका काही क्षण जरी उजव्या पायावर गेला तर काय होते, हे मी एकदा पाहिले आहे.

तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत नवा बँडमास्तर होतो. वार्षिक संचलनाआधी सहा आठवडे आम्ही रोज दीड तास सराव केला. मुलांनी कंटाळा केला नाही, मीही केला नाही. प्रत्यक्ष दिवशी सुरुवात इतकी देखणी झाली की माझ्या शेजारी उभे असलेले एक शिक्षक हळूच ‘वा!’ म्हणाले. मग मैदानाच्या टोकाला काउंटर मार्च आला. पुढच्या रांगा वळून उलट येऊ लागल्या, मागच्या अजून पुढेच चालल्या होत्या, आणि त्या गर्दीत झांजा वाजवणाऱ्या मुलाचे एक पाऊल जादा पडले. बास ड्रमवाला त्याच्या शेजारीच होता. त्याने झांजेचे ऐकले आणि आपला ठोका बदलला. चार बार बँडचा जोराचा ठोका तुकड्यांच्या उजव्या पायावर पडत राहिला. पहिल्या तुकडीने गडबडून पाय बदलला. दुसरीने बदलला नाही. तिसरीत निम्म्यांनी बदलला आणि निम्म्यांनी नाही, ते दृश्य सर्वांत वाईट होते. बँड सावरला, पण तुकड्या सलामी मंचापर्यंत सावरल्या नाहीत.

झांजवाला मुलगा रडत होता. त्या रात्री मी सरावाची वही काढून बसलो आणि चूक कोणाची ते कळले. आमचा सराव असा चालायचा : धून सुरू, कुठेतरी चूक, शिट्टी, ‘पुन्हा पहिल्यापासून’. त्यामुळे धुनेचे पहिले सोळा बार दिवसातून कितीतरी वेळा वाजले होते आणि काउंटर मार्च दिवसातून जेमतेम तीनदा झाला होता, तोही शेवटच्या दहा मिनिटांत, ओठ आणि पाय दोन्ही थकल्यावर. जे येत होते त्याचा आम्ही सहा आठवडे सराव केला आणि जे येत नव्हते ते नशिबावर सोडले. ही चूक माझी होती.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. सराव म्हणजे धून पुन्हा पुन्हा वाजवणे नव्हे. कुठे बिघडते ती जागा शोधायची, तिच्या आधीचे आठ बार आणि नंतरचे चार बार घ्यायचे आणि तेवढेच दुरुस्त करायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण धून दिवसातून एकदाच, अगदी शेवटी.

आता ही जागा कुठे असते? बहुतेक वेळा ती सुरांत नसते, वळणात असते. सरळ चालताना वाजवणे आठ-दहा दिवसांत जमते. वळताना पाय एक हिशेब करतात, हात दुसरा करतात, आणि कानांवर सगळीकडून आवाज येतो. म्हणून आधी थोडे गणित करू. घाबरू नका, सातवीचे आहे.

तेज चालीत मिनिटाला साधारण 120 पावले पडतात. काही ठिकाणी 116 ठेवतात, पण आपण 120 धरू. म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे, आणि डावा पाय बरोबर दर सेकंदाला एकदा पडतो. मेट्रोनोम नसला तरी चालेल, मनगटावरचे सेकंद काट्याचे घड्याळ पुरते. अर्ध्या मिनिटात डावा पाय 30 वेळा पडला तर चाल बरोबर. 33 वेळा पडला तर बँड पळतो आहे. उत्साहात आणि घाबरल्यावर, दोन्ही वेळा बँड पळतोच, आणि पळणाऱ्याला ते कधी कळत नाही. म्हणून घड्याळ धरून बाहेर उभा राहणारा एक कॅडेट मी रोज वेगळा नेमतो. आजारी म्हणून सुट्टी मिळालेल्या मुलाला हे काम फार आवडते.

पाऊल 30 इंचांचे, म्हणजे सुमारे 76 सेंटिमीटर. मिनिटाला 120 पावले म्हणजे 300 फूट, साधारण 91 मीटर. दोन मात्रांच्या बारमध्ये दोन पावले पडतात. तेव्हा 32 बारांची धून 64 पावलांत, 32 सेकंदांत आणि जवळपास 49 मीटरमध्ये संपते. ड्रम मेजरला हा हिशेब पाठ हवा. काउंटर मार्च धुनेच्या कोणत्या बारावर येणार हे आधी ठरवता येते आणि मैदानावर त्या जागी फक्कीची रेघ मारता येते. आमच्या त्या वर्षीच्या संचलनात वळण कधी पंधराव्या बारावर यायचे, कधी एकविसाव्या. मुलांनी नेमके कशाचे पाठांतर करायचे?

आवाजाचा वेगही लक्षात ठेवा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ऐकायला फार वाटते, पण बास ड्रमपासून 85 मीटरवर असलेल्या तुकडीला ठोका पाव सेकंद उशिरा पोहोचतो. पाव सेकंद म्हणजे अर्धे पाऊल. लांबची तुकडी बेशिस्तीने चालते असे गॅलरीतून वाटते, तेव्हा बऱ्याचदा ती ऐकलेल्या ठोक्यावर अगदी प्रामाणिकपणे चालत असते. बँड मैदानाच्या कडेला मध्यावर उभा केला तर दोन्ही टोकांचे अंतर निम्मे होते आणि हा घोटाळाही तेवढाच कमी होतो.

बँडच्या आतही हेच घडते, फक्त कमी प्रमाणात. काउंटर मार्चमध्ये किंवा पसरलेल्या रचनेत पहिली आणि शेवटची रांग वीस-तीस मीटर दूर जाते. तिथे जो दुरून ऐकून वाजवतो तो उशीर करतो, आणि त्याचे ऐकून दुसरा आणखी उशीर करतो. म्हणून दुरून येणाऱ्या आवाजामागे जायचे नाही. नजर ड्रम मेजरच्या दंडावर किंवा पुढच्याच्या टाचेवर ठेवायची आणि कान जवळच्या ड्रमवर. बास ड्रमवाल्याने तर झांजेचेही ऐकायचे नाही. त्याने ड्रम मेजरचा डावा पाय बघायचा. त्या एका वाक्याने माझे ते संचलन वाचले असते.

आपल्यापैकी ज्यांनी पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव पाहिला असेल त्यांना ‘पण पथकात तर सगळे ऐकूनच वाजवतात’ असे वाटेल. खरे आहे. तिथे ताशा पुढे बोलतो आणि ढोल त्याच्यामागे जातात, सगळ्यांचे कान ताशाकडे. पण पथक एका जागी उभे असते किंवा इंच इंच सरकते. मिनिटाला 91 मीटर चालत, वळत, एकमेकांमधून आरपार जात वाजवायचे असेल तर नुसत्या कानावर भागत नाही. पथकाकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी : बोल तोंडाने म्हणणे. साइड ड्रमची नवी बोट बसवताना मी काठ्या हातात देतच नाही. ‘उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा’ हे आधी तोंडाने, मग मांडीवर, मग लाकडी फळीवर चिकटवलेल्या रबराच्या तुकड्यावर. ड्रम सगळ्यांत शेवटी.

हाच क्रम संपूर्ण बँडला लागू आहे. नवी धून आधी बसून, गोल करून वाजवायची. वेग कमी ठेवायचा असेल तर तो इथेच, मिनिटाला 80 ठोक्यांपासून सुरू करून चढत चढत 120 पर्यंत. चालताना वेग कमी करू नये. 30 इंचांचे पाऊल 80 च्या चालीने टाकायला गेले की तोल जातो आणि मुले नवीच चूक शिकतात. धून पाठ झाली की उभे राहून कदमताल करत वाजवायची. मग सरळ चालत. आणि वळणाचा सराव वाद्याशिवाय. फक्त एक साइड ड्रम टकटक करेल, बाकीचे हात वाद्य धरल्यासारखे ठेवून आपापला भाग तोंडाने गुणगुणत वळतील. प्रेक्षक असतील तर हसतील, हसू द्या. वळण सलग तीनदा स्वच्छ आले की मगच वाद्ये हातात घ्यायची.

‘दाहिने घूम’चे उदाहरण घेऊ, कारण ते सोपे वाटते आणि तिथेच रांग तुटते. पाच जणांची रांग आहे, दोघांमध्ये दीड मीटर अंतर, म्हणजे रांगेची रुंदी सहा मीटर. आतला कॅडेट एक मीटर त्रिज्येने वळला तर बाहेरचा सात मीटर त्रिज्येने वळतो. पाव वर्तुळात आतला दीड मीटरपेक्षा थोडे जास्त चालतो आणि बाहेरचा अकरा मीटर. वळण सोळा पावलांत संपवायचे असेल तर बाहेरच्याचे पाऊल सुमारे 69 सेंटिमीटर आणि आतल्याचे फक्त 10 सेंटिमीटर! आतला जवळजवळ कदमतालच करत असतो. पण हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. तो नेहमीचे पाऊल टाकतो, पुढे निघून जातो, मग थांबतो, आणि थांबताना फुंकर चुकते. आपण ओरडतो, ‘सूर नीट धर!’ वास्तविक सूर पायामुळे गेलेला असतो. फक्कीने जमिनीवर दोन कमानी काढा, आतल्याला त्याची सोळा छोटी पावले एकट्याला टाकायला लावा. पंधरा मिनिटांत फरक दिसेल.

काउंटर मार्चलाही वेगळे तंत्र नाही. उभ्या ओळींमधल्या मोकळ्या जागेतून वळून परत यायचे असते, तेव्हा ती जागा आधीपासून उघडी हवी. ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत ठेवण्यामागेही हाच व्यवहार आहे : त्यांच्या सरकत्या नळीला पुढे जागा लागते. वळताना मात्र समोरून येणाऱ्याच्या खांद्याला ती लागते, एवढे ट्रॉम्बोनवाल्यांनी जपावे.

एक परीक्षा आठवड्यातून दोनदा घ्यावी. सोळा पावले वाजवायचे, सोळा पावले संपूर्ण शांतता, ड्रमसुद्धा बंद, आणि सतराव्या पावलावर सगळ्यांनी एकदम धरायचे. शांततेत बुटांचा आवाज एक येतो की विखुरतो ते ऐका. बँडची लय ड्रममध्ये आहे की मुलांच्या अंगात, ते तिथे कळते. पहिल्या खेपेला सतराव्या पावलाला कमीत कमी तीन वेगवेगळे बँड वाजतील, त्यात वाईट वाटून घेऊ नये.

आता प्रशिक्षक मंडळींशी दोन शब्द. सरावात आपण फार बोलतो. मुले उन्हात ड्रम खांद्यावर घेऊन उभी असतात आणि आपण शिस्तीवर व्याख्यान देतो. कोण, कुठे, काय हे एका वाक्यात सांगावे : ‘दुसरी रांग, नववा बार, वळताना पाऊल लहान.’ लगेच तीच जागा पुन्हा. एका वेळी एकच चूक. पाच चुका सांगितल्या तर मुले एकही दुरुस्त करत नाहीत, हा माझा अनुभव आहे. क्लॅरिनेटच्या एका अडचणीसाठी अख्खा बँड ताटकळत ठेवू नये. त्या चौघांना सीनियर कॅडेटबरोबर झाडाखाली पाठवावे, बाकीच्यांनी वळण घोटावे.

आणि शिक्षा. चुकलेल्या बास ड्रमवाल्याला ड्रमसकट मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्याचे मी एका शाळेत पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी तो मुलगा चुकला नाही, कारण तो इतका हळू वाजवत होता की चूक कोणाला ऐकूच आली नसती. ज्या ठोक्यावर सगळे मैदान चालते तो घाबरत घाबरत मारता येत नाही. चुकायचेच तर जोरात चुका, असे मी मुलांना सांगतो. जोरात केलेली चूक सापडते.

राष्ट्रगीताचा सराव वेगळा, आणि पूर्वसूचना देऊनच. ते वाजले की मैदानावर, कँटीनबाहेर, जिथे कोणी असेल तो सावधान उभा राहतो, आणि राहिलेच पाहिजे. म्हणून त्याचे तुकडे मैदानावर वाजवू नयेत. अवघड जागा बँडच्या खोलीत, एकेका विभागाने दुरुस्त करायच्या आणि मैदानावर ते पूर्णच वाजवायचे. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांचे असते. घड्याळ लावा. आमचे एकदा 58 सेकंद भरले होते, आणि आम्हाला ते फार भारदस्त वाटत होते.

शरीराकडेही बघायला हवे. ट्रम्पेट, युफोनियम, बिगुल वाजवणाऱ्यांचे ओठ हे स्नायू आहेत. वीसेक मिनिटे सलग वाजवल्यावर त्यांना विश्रांती हवी, नाहीतर मूल तोंडावर वाद्य दाबू लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. वळणाचा वाद्याविना सराव नेमका या विश्रांतीत घ्यावा, म्हणजे वेळही जात नाही. थंडीत सकाळी सहाला वाद्ये लावली तर ती उन्हात दहा वाजता चढलेली असतात, कारण नळीतली हवा तापली की सूर वर जातो. आधी दोन-तीन मिनिटे नुसती फुंकर घालून वाद्य गरम करावे, मग सूर जुळवावा, आणि कार्यक्रमाच्या वेळी पुन्हा तपासावा. ड्रमवाल्यांनी कानात बोळे घालावेत. बंद खोलीत सहा साइड ड्रम एकत्र वाजवू नयेत. कानाचे नुकसान दुखत नाही, हळूहळू होते, आणि भरून येत नाही. पाणी दर वीस मिनिटांनी, मागितले नाही तरी.

पालक मला नेहमी विचारतात, ‘सर, बँडमुळे अभ्यास बुडणार नाही ना?’ प्रामाणिक उत्तर असे की वाईट चाललेल्या सरावाने बुडतो. दीड तासाचे काम पन्नास मिनिटांत होऊ शकते, आणि ते करून दाखवणे ही आमची जबाबदारी आहे. तुमच्याकडून एवढेच हवे : सुट्टीत मूल घरी आले की रोज पंधरा मिनिटे वाजवू द्या. शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर नुसते बोल म्हणू द्या, उशीवर काठ्या मारू द्या. दातांना तारा बसवायच्या असतील तर आधी आम्हाला कळवा, म्हणजे त्या काळात त्याला ट्रम्पेटऐवजी ड्रमवर घेता येईल. आणि तो मागच्या रांगेत आहे म्हणून हिरमुसू नका. पुढच्या रांगेचे फोटो येतात, पण संचलन चालते ते मागे वाजणाऱ्या ड्रमवर.

मुलांसाठी एक काम. 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातला बीटिंग रिट्रीट सोहळा टीव्हीवर लागेल. त्या दिवशी दंड उंच फिरवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघू नका. बँड वळू लागला की आतल्या कॅडेटच्या जागी जो सैनिक असेल त्याच्या बुटांकडे बघा आणि त्याची पावले मोजा.

आपल्या संचलनाआधीचा शेवटचा सराव वीस मिनिटांचा असेल. काउंटर मार्च दोनदा, राष्ट्रगीत एकदा, संपूर्ण धून एकदा. मग ड्रमचे पट्टे तपासायचे, ट्रम्पेटच्या खटक्यांना तेल द्यायचे, झांजांच्या चामडी वाद्या घट्ट बांधायच्या. मी फक्कीची रेघ स्वतः मारणार आहे. ज्याला झोप येणार नाही त्याने पलंगावर पडून सोळा पावले मोजावीत.